पऱ्हाटी फुकट, मग कोळसा कोण विकत घेणार?

ज्यांना इअरफोन लावून बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

दिग्रसकडे कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात उरते पऱ्हाटी. थोडी चुलीत जाते, थोडी बांधावर रचली जाते, बाकीची जागेवरच पेटवतात. एवढं फुकटचं इंधन! मग त्यातून धूर न करणारा कोळसा बनवणारी एखादी सामाजिक संस्था इथे सहज चालेल, नाही का?

आधी पुण्याचं उदाहरण बघा. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये ‘आरती’ ही संस्था सुरू केली. तिने उसाच्या पाचटाचा कोळसा करणारी भट्टी बनवली. बंद डब्यांत पाचट तापवायचं, त्यातून निघणारा वायू तिथेच जळून भट्टीला उष्णता देतो. भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडायच्या. याला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅसला परत तोच.

म्हणजे संशोधन होतं हो. त्यानंतरचं कठीण असतं.

दिग्रसचंच घ्या. कारखाना बारमाही चालवायचा तर पऱ्हाटी साठवावी लागणार. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला. तेव्हापासून कृषी विभाग कानीकपाळी ओरडतोय: पऱ्हाटी रचून ठेवू नका, अळी तिच्यात दडून पुढच्या हंगामावर येते. बरं, मग शेतातच कोळसा करू? पऱ्हाटी पाचटासारखी मऊ नाही, तिचे तुकडे करायला यंत्र लागतं, आणि ते फिरतं डिझेलवर. कार्बन वाचवायला डिझेल जाळा! (हसू नका, हिशोब खरंच असा बसतो.)

एवढं करून गिऱ्हाईक कोण? जिच्या चुलीला पऱ्हाटी फुकट मिळते ती बाई. किंवा २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेत जिच्या घरी सिलिंडर आलाय ती. भरून आणणं परवडेना झालं, तर ती पुन्हा चुलीकडेच वळते. कांडी कोळशाला पैसे मोजायचं तिला काय कारण?

म्हणून अशा संस्था अनुदानावर टेकतात. मला विचाराल तर खरी गोची इथेच आहे. देणगीदाराला नवीन यंत्राचा फोटो हवा असतो. दिग्रसला भट्टीचा पत्रा जळाला तर वेल्डिंगवाला तासाभरात सापडेल. पण त्याची मजुरी कोणत्या खात्यातून द्यायची, ते प्रकल्पाच्या अर्जात लिहायला रकानाच नसतो.