हरलेला डाव पुन्हा मांडताना

जॉर्जियातील बाटुमी येथे २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या १९ वर्षीय दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. कोनेरू हम्पीविरुद्धच्या अंतिम लढतीतील पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो दुसऱ्या जलद डावात. या डावांच्या चाली आज चंद्रपूर किंवा गडचिरोलीतील मुलालाही घरच्या पटावर मांडता येतात. त्याच्यासाठी तितकाच मोलाचा असतो त्याचा स्वतःचा हरलेला डाव.

डाव पुन्हा मांडून काय साधते? विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी १९७३ मध्ये खेळाडूंना पट अवघे पाच सेकंद दाखवून तो आठवणीतून मांडायला सांगितला. खऱ्या डावातील स्थिती तज्ज्ञाने नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडली. मोहरे वाटेल तसे विखुरल्यावर मात्र हा फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे तज्ज्ञाची स्मरणशक्ती अफाट नसते. त्याला मोहऱ्यांचे ओळखीचे गट दिसतात. जंगलात वावरणाऱ्याला ठसा पाहताच प्राणी ओळखता येतो, तसेच हे. नील चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासातही खेळाच्या दर्जाशी सर्वाधिक संबंध आढळला तो एकट्याने केलेल्या गंभीर अभ्यासाचा.

दुर्गम तालुक्यातील मुलांसाठी ही आशेची बाब आहे. प्रशिक्षक दूर असतो, मोबाइलला रेंज नसते. पण स्पर्धेत चाली लिहिलेला कागद एसटीतून घरी येतोच.

पराभवाचा राग शांत झाल्यावर डाव मांडावा. प्रत्येक वळणावर थांबून ‘तेव्हा मी काय विचार केला होता?’ हे आठवून लिहावे. घाईने खेळलो, प्रतिस्पर्ध्याचा घोडा दिसलाच नाही, की बेतच चुकला, हे वेगळे करावे. संगणकाचे उत्तर सर्वांत शेवटी पाहावे. ते आधी पाहिले, की ‘हे मला कळलेच होते’ असा भास होतो आणि चूक तशीच राहते.

पालकांनाही एक करता येईल. मूल स्पर्धेहून परतल्यावर ‘कितवा आलास?’ऐवजी ‘डाव कुठे फिरला, दाखव बरं,’ असे विचारावे. चूक मोकळेपणाने दाखवता आली, तरच ती सुधारता येते.