कोपऱ्यातला माणूस

मालवणच्या बोर्डिंग ग्राउंडवर कबड्डी रंगली की कडेच्या गर्दीतून ओरड येते: "अरे, पाय धर त्याचो!" मैदानात सात क्षेत्ररक्षक असले तरी ही ओरड असते कोपऱ्यातल्यासाठी. त्याचं मोल ठरवायचं तर आधी थोडा हिशेब मांडावा लागेल.

चढाईपटूचं वजन ७५ किलो धरू. ताशी साधारण १४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४ मीटर वेगाने तो परत फिरला, तर अर्ध्या सेकंदात त्याला थांबवायला सरासरी ६०० न्यूटन बल लागतं. साठ किलोचं पोतं उचलायला लागतं, जवळपास तेवढं. शिवाय डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातो. तेवढ्यात गडी ८० सेंटीमीटर पुढे! पळत्याला धरणं हा तोट्याचाच धंदा.

कोपरारक्षक म्हणूनच पळत्याला धरत नाही. तो थांबतो. बोनस रेषा मध्यरेषेपासून ४.७५ मीटर आत. बोनस गुणासाठी ती ओलांडायला चढाईपटू एक पाय लांबवतो आणि दुसरा उचलतो. त्या क्षणी त्याचा वेग जवळजवळ शून्य, आणि सगळा तोल एका पावलावर. हाच घोटा धरला की पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. अंग मध्यरेषेकडे झेपावतं, पाऊल मागेच राहतं, माणूस आडवा. हात ताणून पडलेला माणूस दोन-सव्वादोन मीटरपर्यंत पोहोचतो, म्हणून इतक्या आत धरलेला सहसा सुटत नाही. निदान रेषेपाशी, ३.७५ मीटरवर, तीच पकड जास्त धोक्याची. तिथे मध्यरक्षक वेळेवर अंगावर आला नाही, तर गडी सरपटत मध्यरेषा गाठतो आणि धरणाऱ्यालाच बाद करून जातो.

०.२ सेकंदाची उधारी मात्र कोपरेवाल्यालाही चुकत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागेवरून पाहिल्याने त्याला पाय उचलण्याआधीची कंबरेची हालचाल कळते. हूल कुठली आणि खरा पाय कुठला, हे ओळखायला त्याच जागेची सवय लागते. अष्टपैलू खेळाडू इथे बहुधा उशिरा पोहोचतो.

गुणफलक हे सगळं सांगत नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्येही हेच दुखणं आहे. तिथे पंच चेंडू उंच उडवतो आणि दोन्ही संघांचे ताडमाड 'रकमन' त्यावर झेपावतात. कोणी किती चेंडू टोलवले याची मोजणी होते. पण टोलवलेला चेंडू आपल्याच माणसाच्या हाती गेला का, हा खरा प्रश्न. कोपऱ्याचंही तसंच: त्याच्या धाकाने चढाईपटूने जो पाय टाकलाच नाही, तो कुठल्या रकान्यात लिहायचा?

२०१८ साली जकार्तातल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ असं हरवलं. १९९० पासून आशियाई सुवर्ण पुरुषांच्या भारतीय संघाकडेच होतं. इराणच्या त्या संघात डाव्या कोपऱ्याचा फझल अत्राचली होता. आपल्या संघातही महाराष्ट्राचा गिरीश इर्नाक होता, तोही डाव्या कोपऱ्याचाच. एका जागेवर सामना फिरतो असं माझं म्हणणं नाही. पण बलाढ्य चढाईपटूंच्या नावांपुढे ही नावं आपण दुय्यम मानतो, हे खटकतं.

कोपरेवाला बाद झाला की मध्यरक्षक त्याच्या जागी सरकतो. दिसायला भिंत तशीच. पण मैदानात आता सहा जण उरलेत, आणि सहा असेपर्यंत बोनस चालू असतो. पुढच्या चढाईत पाय कुठल्या कोपऱ्यात जातो, ते बघा.