चौदाव्या खेळीपाशी

रविवारी सकाळी धारवाडच्या मालमड्डीत आमच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला जातो. शेजारपाजारची मुलं जमतात. कुणी 'घोडा' म्हणतो, कुणी 'कुदुरे', आणि डाव कुठे अडत नाही. आजकालचे डाव त्यांना मोबाइलवर दिसतातच, म्हणून मी मुद्दाम जुने काढतो. परवा काढलेला डाव कलकत्त्यातला, मे १८५५ मधला. पांढरी मोहरी बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांची, काळी महेशचंद्र बॅनर्जी यांची.

पुढची खेळी कागदाखाली झाकलेली असते. प्रत्येकानं आपली खेळी कारणासकट वहीत लिहायची, मगच कागद खाली सरकतो. इंजिन सगळ्यात शेवटी.

महेशचंद्र खेड्यातून आलेले. किल्लेकोटाचे युरोपीय नियमही त्यांना सुरुवातीला ठाऊक नव्हते म्हणतात. आपल्या देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं, त्यामुळे उंट बाजूनं काढून लांब कर्णावर बसवायची सवय इथल्या खेळाडूंना होती. या डावातही त्यांनी उंट जी७ वर बसवला, डी५ ला प्यादं पुढे केलं, घोडे मारून घेतले, पांढऱ्याला मधली प्यादी भक्कम करू दिली आणि मग सी५ नं त्यांवर घाव घातला. हाच बचाव १९२२ मध्ये अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी पुढे आणला आणि त्यांच्या नावानं रूढ झाला. ग्रुनफेल्ड यांचा जन्म १८९३ चा!

पहिल्या बारा-तेरा खेळ्या मुलांनी भराभर उलटल्या. मी थांबवलं ते चौदाव्या खेळीला. पांढऱ्याचा उंट ए३ वरून ई७ च्या प्याद्यावर रोखलेला, वजीर नुकताच बी३ वर आलेला. बहुतेक वह्यांत एकच खेळी होती, एफ८ वरचा हत्ती ई८ ला. महेशचंद्रांनीही तीच केली. ई७ चं प्यादं दिसतं, म्हणून ते राखावंसं वाटतं. पण ते सी६ वरच्या घोड्यानं आधीच राखलेलं होतं. हत्ती हलला आणि एफ७ च्या प्याद्याला एकट्या राजाचाच आधार उरला. बी३ वरचा वजीर त्याच कर्णावर बघत होता.

पुढे कॉक्रेननी हत्तीनं काळ्या वजिराला हुसकावत डी८ वर परत नेलं आणि सतराव्या खेळीला घोडा जी५ वर टाकला. एका खेळीत दोन धाक, एफ७ वर आणि जी४ वरच्या उंटावर. इथे ओसरीवर खरी चर्चा रंगली. एका मुलीनं सुचवलं, "काका, उंट ई६ वर आणून कर्ण बंद करायचा." छान विचार होता. मोहरी मांडून पाहिली तेव्हा डी४ चं प्यादं पुढे आलं आणि उंट-घोडा दोघांवर एकदम चालून गेलं. तिनं स्वतःच मान हलवून ती खेळी खोडली. मला हा क्षण इंजिनच्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण पुढच्या वेळी ती प्याद्याकडे आधी बघेल.

महेशचंद्रांनी ई२ वरचा उंट मारला. मोह पडावा अशीच खेळी, दोन्ही हत्ती एकदम माऱ्यात येतात. पण घोड्यानं एफ७ मारलं आणि बचाव संपला. त्यांनी घोडा ए५ ला नेऊन वजिरावर चाल केली. डावाची नोंद इथेच थांबते. उरलेल्या तीन खेळ्या मुलांनी शोधायच्या होत्या: घोडा एच६ वर जाऊन दुहेरी शह, राजा कोपऱ्यात, वजीर जी८ वर बळी, हत्तीनं तो घेताच घोडा एफ७ वर परत आणि मात. राजाला हलायला एकही घर नाही, भोवती सगळी आपलीच माणसं.

मग मी त्यांना हत्ती पुन्हा एफ८ वर ठेवायला सांगितला आणि तीच चाल करून बघायला लावली. घोड्यानं एफ७ मारताच हत्तीनं घोडा मारला. कॉक्रेनचा हल्ला तिथेच विरला.

असा डाव हरल्यावर दोष सुरुवातीच्या चालींवर टाकणं सोपं असतं, आणि त्या काळच्या युरोपीय डोळ्यांना ही सुरुवात विचित्र वाटली असणारच. माझं मत स्पष्ट आहे. सुरुवात उत्तम होती, डाव चौदाव्या खेळीत गेला. हा डाव घरी मांडलात तर पोरांना त्या खेळीपाशी थांबवा, आणि तोवर इंजिन सुरू करू नका.