विमान का फुटले?

विमान आता खेड्यातल्या माणसालाही नवे राहिले नाही. आभाळात पांढरी रेघ ओढत ते जाते आणि आपण मान वर करून बघतो. पण विमानाचा प्रवास आज इतका निर्धोक झाला, त्यासाठी आधी किती माणसांचे जीव गेले! त्यातलीच ही एक हकीकत.

पूर्वीची विमाने पंख्यांच्या जोरावर उडत. मग इंग्लंडमध्ये जेट इंजिनाचे विमान तयार झाले. त्याचे नाव कॉमेट, म्हणजे धूमकेतू. उतारूंची ने-आण करणारे जगातले हे पहिले जेट विमान. २ मे १९५२ रोजी त्याची वाहतूक सुरू झाली.

१० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट इटलीतल्या रोम शहराहून लंडनला निघाले. ते सिंगापूरहून आले होते. वाटेत आपले कलकत्ताही लागले होते. विमान वर चढू लागले. वीसेक मिनिटे झाली. वैमानिक बिनतारी यंत्रावर दुसऱ्या वैमानिकाशी बोलत होता. त्याचे वाक्य मध्येच तुटले. विमानाचे तुकडे एल्बा बेटाजवळ समुद्रात पडले. आत ३५ माणसे होती. एकही वाचले नाही.

कॉमेटची वाहतूक थांबवली. पण खरे कारण काही सापडेना. मग जिथे जिथे संशय आला, तिथे दुरुस्ती केली आणि मार्चमध्ये विमाने पुन्हा सोडली. ८ एप्रिलला रोमहूनच उडालेले दुसरे कॉमेट समुद्रात कोसळले. आणखी २१ माणसे गेली. रोग न ओळखता औषध दिले, तर दुसरे काय होणार?

आता मात्र कसून शोध सुरू झाला. आर्नोल्ड हॉल हे शास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. आरमाराने समुद्राच्या तळातून विमानाचे तुकडे वर काढले. ते एकेक करून जागच्या जागी जुळवले.

इथे एक गोष्ट समजून घ्या. फार उंचावर हवा विरळ असते. तिथे माणसाला श्वास घेता येत नाही. म्हणून विमानात हवा दाबून भरतात. सायकलची ट्यूब फुगते ना, तसा विमानाचा पत्रा आतून ताणला जातो. खाली उतरले की ताण सुटतो. प्रत्येक फेरीला असे एकदा ताणणे, एकदा सुटणे.

शास्त्रज्ञांनी एक आख्खे कॉमेट पाण्याच्या मोठ्या टाकीत बसवले. आतही पाणी भरले. मग पाण्याचा दाब वाढवायचा, पुन्हा कमी करायचा. असे एकदा केले की एक फेरी झाली असे धरायचे. हवा का नाही भरली? हवा भरून पत्रा फाटला, तर बाँबसारखा स्फोट होतो. पाण्याने तसे होत नाही. चीर पडली की दाब लगेच उतरतो आणि चीर कुठे पडली ते दिसते.

ते विमान आधी १,२२१ फेऱ्या उडालेले होते. टाकीत आणखी १,८३६ झाल्या आणि जून १९५४ मध्ये पत्रा फाटला. एका खिडकीच्या कोपऱ्यातून चीर निघाली होती. पुढे समुद्रातला एक तुकडा हाती आला. त्यावरही, छपरातल्या एका झरोक्याच्या कोपऱ्यापाशी, तशीच चीर निघाली.

ह्याला धातूचा थकवा म्हणतात. घरी करून बघा. तारेचा तुकडा एकदा वाकवला तर मोडत नाही. तोच वीस-पंचवीस वेळा इकडेतिकडे वाकवा, मोडेल. आणि ताण कोपऱ्यात जास्त साठतो. पोत्याला चौकोनी भोक पाडले, तर ते कोपऱ्यातूनच फाटत जाते की नाही?

पुढे कॉमेटचा पत्रा जाड केला, खिडक्या गोल केल्या. १९५८ साली सुधारलेले कॉमेट पुन्हा उतारू नेऊ लागले. इतर देशांतले विमान बांधणारेही ह्यातून शिकले. आता प्रत्येक नव्या जातीच्या मोठ्या विमानाची थकव्याची परीक्षा जमिनीवरच घेतात.

हा थकवा विमानालाच येतो असे नाही. गाडीचा आख, जत्रेतल्या पाळण्याची कडी, विहिरीवरच्या रहाटाचा दांडा, सगळ्यांना येतो. "इतकी वर्षे मोडले नाही, आता काय मोडणार?" असे म्हणू नका. इतकी वर्षे ताण सोसला, म्हणूनच नीट निरखून बघा. केसाएवढी चीर दिसली तरी ती वस्तू वापरू नका.