जपानांतील भांगेचा कायदा व त्यांतील एक अपवाद

भांगेसंबंधीं जपानचा कायदा किती कडक आहे हें सांगण्यास एक उदाहरण पुरे. जानेवारी १९८० मध्यें ब्रिटिश गायक पॉल मॅकार्टनी यांस नारिता विमानतळावर सुमारे २१९ ग्रॅम मालासह पकडून ९ दिवस कोठडींत ठेविलें व नंतर देशाबाहेर घालविलें. तथापि याच देशांत १२ डिसेंबर २०२४ पर्यंत भांग जवळ बाळगणें गुन्हा होता. ती ओढणें हा निराळा गुन्हा नव्हता. या विसंगतीचा उलगडा कायद्यांतील व्याख्येंत आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्द पाहूं. येथें आम्ही 'भांग' हा शब्द झाडास लावितों. जपानींत त्यास 'आसा' व 'ताइमा' म्हणतात, आणि तें तेथें वाखासाठीं लावीत. राज्यारोहणानंतरच्या 'दाइजोसाइ' विधीस आवा प्रांतांतील इंबे घराणें या वाखाचें कापड अर्पण करी, असें इ. स. ८०७ च्या 'कोगो शूई' ग्रंथावरून दिसतें. आणि नोव्हेंबर २०१९ च्या विधीसहि त्याच प्रांतांतून, म्हणजे आतांच्या तोकुशिमांतून, तसेंच कापड गेलें. इसे येथील देवस्थानाच्या प्रसादपत्रासहि 'ताइमा'च म्हणतात. निषिद्ध वस्तूचीं जीं दोन अक्षरें तींच या प्रसादाचीं.

सन १९२५ च्या जिनीव्हा करारांत 'हिंदी भांग' असा शब्द पडला. त्यास अनुसरून जपाननें १९३० मध्यें जे नियम केले त्यांतहि 'इंदो-ताइमा' हाच शब्द आहे. घरची आसा त्यांत येत नव्हती. म्हणून 'जपाननें १९३० सालींच भांगेवर बंदी घातली' असें जे म्हणतात, त्यांनीं विशेषण गाळून नाम वाचलें आहे. हिंदी आणि देशी हा भेद युद्धानंतर मोडला. ऑक्टोबर १९४५ च्या लष्करी अंमलांत या पिकास बंदी झाली, व १० जुलै १९४८ रोजीं कायदा क्रमांक १२४ निघाला. त्यानें झाडाची एकच जात धरली, परंतु पक्व देठ व बीं हीं व्याख्येंतून वगळलीं. देठापासून वाख, दोर व कापड. बीं पाखरांच्या दाण्यांत आणि सात जिनसांच्या मसाल्यांत. सारांश, परकीय अंमलांत झालेल्या कायद्यांत शेतकऱ्याची वहिवाट या दोन शब्दांत टिकून राहिली. सेवनास शिक्षा न ठेवण्याचें कारणहि असेंच सांगण्यांत येई: कापणीच्या वेळीं शेतकऱ्याच्या नाकातोंडांत जो अंश जाईल, त्यापायीं तो गुन्हेगार ठरूं नये.

अपवाद टिकला, शेतकरी मात्र टिकला नाहीं. परवानेदार लागवड करणारे १९५४ मध्यें सुमारे ३७ हजार होते, ते अलीकडे ३० च्या आंत आले. परवान्याची कटकट व कृत्रिम धागा, दोहोंनीं मिळून हें केलें.

आमच्याकडील १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याशीं ताडून पाहतां गंमत वाटते. तेथें 'गांजा'च्या व्याख्येंतून बीं व शेंड्यावांचूनचीं पानें वगळलीं आहेत, कारण पानांची घोटलेली भांग येथें सणावारीं चालते. जपानी कायद्यांत पान पूर्ण निषिद्ध. एका देशास वस्त्र सोडवेना, दुसऱ्यास पेय.

डिसेंबर २०२३ मध्यें जपानी कायदा दुरुस्त झाला व १२ डिसेंबर २०२४ पासून त्याचा मुख्य भाग अंमलांत आला. देठ व बीं यांची सूट राहिली आहे. पण शेजारीं मादक द्रव्याची कसोटी आली असून तेलांत तें दशलक्षांत १० भागांहून अधिक चालत नाहीं. बाळगण्याप्रमाणें सेवनासहि आतां ७ वर्षांपर्यंत कैद आहे. भांगेपासून केलेलें औषध रोग्यास देण्याची पूर्वीची बंदी याच दुरुस्तीनें उठली.

संग्राहकांनीं या कायद्याची प्रत घेतांना मथळा पाहावा. 'ताइमा-तोरिशिमारि-हो', म्हणजे भांग-नियंत्रण कायदा, असें नांव असल्यास ती प्रत जुनी होय. नव्या प्रतीवर भांगेच्या लागवडीच्या नियमनाचा कायदा असें नांव असून बाळगण्याच्या व सेवनाच्या शिक्षेचीं कलमें तींत सांपडणार नाहींत. तीं अंमली द्रव्यांच्या कायद्यांत गेलीं आहेत.