शाळेच्या भिंतीला टाके घातलेत का?

मैत्रिणींनो, मुलांना शाळेत घालताना आपण बाई कशा आहेत ते विचारतो, फी विचारतो. भिंत कशी आहे हे कोण विचारतं?

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडकडे, खरं तर साऱ्या मराठवाड्यातच, मराठी शाळा उशिरा आली. निजामाच्या राज्यात सरकारी शाळेचं माध्यम उर्दू. मराठीतून शिकायचं तर लोकांनीच शाळा काढायची. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा अशीच १९२१ साली निघाली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या खऱ्या, पण इमारत कुठली? कुठे देऊळ, कुठे चावडी, कुठे कुणाच्या वाड्याची ओसरी. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या नि खोल्या उठू लागल्या. गवंडी गावचाच, काळा दगडही गावचाच, वर पत्रे.

आपल्याकडची जुनी दगडी भिंत म्हणजे दोन-अडीच फूट जाडीची. बाहेरून मोठी धट्टीकट्टी! पण आतली गोम सांगते. ती एक भिंत नसतेच. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे चिखल-खडी. म्हणजे चिंध्या भरलेली पण टाके न घातलेली गोधडीच म्हणा ना! घरावर तर माळवद. गळू नये म्हणून त्यावर दरसाल पांढरी माती चढवायची, की वजन आणखी वाढलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी गणपती पोचवलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, भिंतींचे थर सुटे झाले आणि हजारो माणसं झोपेतच गेली. शाळा तेव्हा रिकाम्या होत्या. हाच धक्का सकाळी अकराला बसला असता तर? नकोच तो विचार.

यावरचा उपाय मात्र साधा आहे. भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारे लांब दगड घालायचे, आडवे दर चार फुटांवर आणि उभे दर दोन फुटांवर. हेच गोधडीचे टाके. शिवाय दारा-खिडक्यांच्या वर साऱ्या खोलीभोवती सिमेंट-सळईचा सलग पट्टा हवा, कमरपट्ट्यासारखा. जुन्या भिंतीलाही भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरून टाका घालता येतो.

पुढच्या पालकसभेला गेलात की भिंतीला पोट सुटलंय का, कोपऱ्यात उभी चीर आहे का, पायथ्याशी ओल आहे का, एवढं बघाच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तिथे नुसती सही करून उठू नका. इमारत इंजिनिअरकडून तपासून घ्यायचा ठराव मांडा, आणि तो वहीत लिहिला गेला की नाही तेही वाचून बघा.