भूकंपाचे गणित आणि अणुवीज प्रकल्पातील नळ

अणुवीज प्रकल्पाच्या भूकंपसुरक्षेशी संबंधित सॉफ्टवेअरमध्ये चूक आढळल्याचे वृत्त आले की, भूकंपाच्या क्षणी प्रकल्प चालवणारा संगणकच कोलमडेल, असा अर्थ पुष्कळदा काढला जातो. वस्तुतः हे सॉफ्टवेअर प्रकल्प चालवत नाही. प्रकल्प उभा राहण्याच्या कित्येक वर्षे आधी, अभियंत्यांच्या कार्यालयात, नळाला किती आधार द्यावेत, ते कोठे असावेत आणि पंप किंवा झडप कोणता हादरा सोसू शकेल, हे त्याच्या आकडेमोडीवरून ठरते. त्यामुळे तेथील चूक पोलादात आणि काँक्रीटमध्ये उतरते, आणि रोजच्या कामकाजात तिचे कोणतेही लक्षण दिसत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. १३ मार्च १९७९ रोजी तेथील अणुनियामक आयोगाने पेनसिल्व्हेनियातील बीव्हर व्हॅली, न्यूयॉर्क राज्यातील फिट्झपॅट्रिक, मेन राज्यातील मेन यांकी आणि व्हर्जिनियातील सरी येथील दोन, अशा पाच अणुभट्ट्या बंद ठेवण्याचा आदेश दिला. त्यांच्या सुरक्षाविषयक नळांचे भूकंप-विश्लेषण ज्या संगणक-कार्यक्रमाने झाले होते, त्यातील बेरजेची पद्धत अमान्य ठरली होती. पंधराच दिवसांनी, २८ मार्चला, थ्री माइल आयलंड या अणुवीज प्रकल्पात अपघात घडला आणि या आदेशाकडे लोकांचे लक्ष राहिले नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व कमी नव्हते.

अशी चूक म्हणजे कार्यक्रम लिहिताना झालेला एखादा प्रमाद, हा दुसरा गैरसमज. येथे संगणकाने सांगितलेले काम बिनचूक केले होते. सांगितलेले कामच चुकीचे होते. भूकंपात जमीन आडवी आणि उभी अशी एकाच वेळी हलते. ‘प्रतिसाद वर्णपट’ नावाच्या रूढ पद्धतीत प्रत्येक दिशेच्या हादऱ्यामुळे नळात निर्माण होणाऱ्या बलाचे केवळ कमाल मूल्य हाती लागते. ते मूल्य कोणत्या क्षणी येते आणि त्या क्षणी दुसऱ्या दिशेचे बल त्याला साथ देते की विरोध करते, ही माहिती पद्धतीतच गळून जाते. म्हणून दोन्ही मूल्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे, किंवा चिन्हे सोडून मूल्यांची सरळ बेरीज करावी, असा संकेत आहे. वादग्रस्त कार्यक्रम मात्र धन-ऋण चिन्हांसह बेरीज करीत होता. एका दिशेचे बल ४ आणि दुसऱ्या दिशेचे उणे ३ असेल, तर वर्गमूळाच्या रीतीने ५ आणि सरळ बेरजेने ७ हे उत्तर येते. चिन्हांसह केलेल्या बेरजेचे उत्तर येते अवघे १. कागदावर दोन बलांनी एकमेकांना खोडून काढले तरी प्रत्यक्ष भूकंपावर तसे करण्याचे बंधन नसते.

नामांकित संस्थेने वर्षानुवर्षे वापरलेले सॉफ्टवेअर विश्वासार्हच असणार, ही समजूतही येथे टिकत नाही. बीव्हर व्हॅलीच्या नळांचे विश्लेषण वेगळ्या कार्यक्रमाने तपासले असता दोन्ही उत्तरे जुळेनात, आणि त्या तफावतीतून प्रश्न उघड झाला. उत्तरे जुळली असती तरी तेवढ्यावर निर्धास्त होता आले नसते, कारण एकाच चुकीच्या गृहीतकावर उभे असलेले दोन कार्यक्रम एकमेकांना खुशाल दुजोरा देतात. कंपन-मंचावर प्रत्यक्ष हलवून चाचणी घेण्याचा मार्ग रिले किंवा विद्युत-पेट्या यांसारख्या उपकरणांना उपलब्ध आहे; इमारतभर पसरलेल्या नळांच्या जाळ्याला तो नाही, तेथे मुख्य भिस्त गणितावरच असते.

याच्या उलट टोकाचा गैरसमज असा की, गणित चुकले म्हणजे नळ फुटणारच. २३ ऑगस्ट २०११ रोजी व्हर्जिनियात ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा नॉर्थ अॅना प्रकल्पाने अभिकल्पात गृहीत धरलेल्यापेक्षा अधिक हादरा अनुभवला, तरी सुरक्षेशी संबंधित उपकरणांची मोठी हानी झाली नाही. पोलाद तुटण्यापूर्वी बरेच वाकते, आणि अभिकल्पाच्या नियमांत सुरक्षेसाठी राखीव क्षमता ठेवलेली असते. परंतु ही राखीव क्षमता निसर्गाविषयीच्या आपल्या अपुऱ्या ज्ञानासाठी आहे. ती बेरजेच्या चुकांवर खर्च होऊ देणे हा लोकांच्या सुरक्षिततेशी केलेला विश्वासघात ठरतो. शिवाय ती किती उरली आहे हेही पुन्हा गणित केल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच १९७९ चा आदेश अतिरेकी होता, हा आक्षेप पटण्यासारखा नाही.

आपल्याकडील जैतापूर अणुवीज प्रकल्पासंबंधीच्या मराठी चर्चेत भूकंपप्रवण क्षेत्र कोणते आणि प्रस्तरभंग कोठे, हेच प्रश्न प्रामुख्याने येतात. ते मूलभूत आहेतच. पण जमिनीचा हादरा इमारतीतून वर जाताना बदलतो, काही कंपनसंख्यांना वाढतो, आणि वरच्या मजल्यावरील उपकरणाला जमिनीपेक्षा निराळा भूकंप सोसावा लागतो. जागेची निवड निर्दोष असली तरी हे पुढचे गणित चुकू शकते.

सॉफ्टवेअर दुरुस्त झाले की प्रश्न मिटला, असेही नाही. जुलै १९७९ मध्ये त्याच अमेरिकी आयोगाने सर्व प्रकल्पांना, विश्लेषणात गृहीत धरलेले नळ आणि प्रत्यक्ष बसवलेले नळ एकच आहेत का, हे जागेवर जाऊन पडताळण्यास सांगितले, कारण संगणकाला दिलेली माहिती आराखड्यावरची होती. कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅन्यन येथे १९८१ मध्ये तर असे आढळले की, परस्परांच्या आरशातील प्रतिमेसारख्या रचलेल्या दोन अणुभट्ट्यांपैकी एकीच्या भूकंप-विश्लेषणासाठी दुसरीचा आराखडा वापरला गेला होता. तिचा नुकताच दिलेला परवाना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्थगित झाला, आणि संपूर्ण अभिकल्पाची स्वतंत्र तपासणी करावी लागल्यामुळे ती व्यावसायिक वीजनिर्मितीपर्यंत पोहोचायला १९८५ साल उजाडले.